दुसऱ्यांदा बघितलं की

वाल्मीक : थांब सायले, लगेच गाडीला चावी लावू नको. तुझ्या आईकडं येतो का नाय ते नंतर बघू. आधी बस इथं ओट्यावर. तुला एक गोष्ट सांगतो. खरी हाय, आन आजवर कुणाला सांगितलेली नाय. ऐकून झाली की मग तूच ठरव, ह्या म्हाताऱ्याला मागं बसवायचं का नाय.

सायली : मामा, एरवी मी दिवसभर ऐकली असती. पण उद्या त्या नाटकाच्या ग्रुपला आईनं कळवायचंय, हो की नाही ते. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याकडे नाटक घेऊन आलंय, तेही इतकं चांगलं. आणि ती नाही म्हणून बसलीय. तुमचं ऐकेल ती. तुम्ही फक्त म्हणा, सुवर्णाबाई, करा. दुपारच्या जेवणाला मी तुम्हाला परत मखमलाबादला आणून सोडते.

गोजराबाई : चहा घे गं बाळा. ह्यांची गोष्ट म्हंजे एका कपात भागत नाय.

वाल्मीक : तू तुझी शेवंती ओव. सायले, नाय का म्हणती ती, काय सांगितलं तुला?

सायली : म्हणते, शब्द विसरणाऱ्या बाईनं स्टेजवर जाऊ नये. आणि जिनं आपल्याच प्रॉम्प्टरचं तोंड बंद केलं, तिनं तर मुळीच नाही. शप्पथ, असंच म्हणाली.

वाल्मीक : म्हंजे माझं तोंड.

सायली : हो. ती अजून म्हणते, वाल्मीकची काहीच चूक नव्हती, मीच त्याला सांगून ठेवलं होतं, मला शब्द द्यायचा नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही सांगितलंत तर तिच्या मनातलं जाईल.

वाल्मीक : हं.

गोजराबाई : आता सांगा की.

वाल्मीक : सांगतो, तुझं काय जातं. ऐक सायले. तुझ्या आईच्या नाटकात मी कसा घुसलो, माहितेय? फुलं घेऊन. नाटक बसवायचे भिमाजी मास्तर, त्यांच्या नाटकात एक लग्न व्हतं, त्याला रोजचे दोन हार आन बायांना गजरे, ते आमच्या मळ्यातून जायचे. एक दिवस तालमीला मी गजरे द्यायला गेलो तर भिमाजी मास्तर डोकं धरून बसलेले. प्रॉम्प्टर आला नव्हता. विंगेत बसून नटाला विसरलेला शब्द देतो, तो माणूस. मास्तर म्हणले, काय रे, वाचता येतं का? म्हणलं, सातवी झालीय, श्रावणात देवळात पोथी मीच वाचतो. म्हणले, बस मग.

सायली : आणि तुम्ही बसलात.

वाल्मीक : वीस वर्षं बसलो. आन सांगतो, शब्द देणं सोपं नाय. सगळे समजतात, वही धरायची आन वाचायचं. अख्खं वाक्य कधी द्यायचं नाय. पहिला शब्द द्यायचा, तोही सपाट, त्यात रडू नाय, राग नाय. आपण नट नाय. तोंडावर फेकायचा नाय, त्याच्या पायापाशी टाकायचा. त्यानं उचलला पायजे, आन पहिल्या रांगेतल्या माणसाला कळता कामा नये.

गोजराबाई : घरात मात्र अख्खं वाक्य देतात. मोठ्यानं.

वाल्मीक : तुझी आई नव्यानं आली तवा बावीस-तेवीसची असंल. लष्कराच्या कॅम्पातून यायची पॅसेंजरनं, डब्यात भाकरी बांधून. काम काय करायची. अगं, तालमीत ती बोलायला लागली की पेटीवाला हात थांबवायचा. माझ्याकडं बघायची पण नाय. पाठांतर असलं की वही तिच्यापुढं खोटी पडावी. मी नुसता शोभेला.

सायली : मग तिनं तुम्हाला शब्द देऊ नका असं का सांगितलं?

वाल्मीक : येतो तिथंच. ब्याण्णव साल. राज्य स्पर्धा, नाशिक केंद्र. नाटकात शेवटाला असं, की अकरा वर्षांनी नवरा दारात येऊन उभा राहतो. बाई त्याच्याकडं बघती. बोलत नाय. मग म्हणती, 'पाणी तापलंय. हातपाय धुवून घ्या.' संपलं, पडदा. तालमीत ती मधी चार मोजायची. मी पण मनात चार मोजायचो. स्पर्धेच्या दिवशी चार झाले, पाच झाले, सहा. मी म्हणलं गेलं, बाईचं गेलं. सात, आठ. परीक्षक बसलेले समोर. दहाला मी दिला शब्द. घाबरलेलो, जोरात गेला. 'पाणी तापलंय.' सगळ्या थेटरानं ऐकला.

सायली : अरे देवा.

वाल्मीक : मागून एकजण म्हणला, मग करा की आंघोळ. हशा. अगं, ती विसरली नव्हती. त्या दिवशी तिला वाटलं, अकरा वर्षं थांबलेली बाई चार मोजून बोलणार नाय. ती ताणत व्हती. लोक रडत व्हते, आन मी मधीच पाणी तापवलं.

गोजराबाई : मी होते तिथं. मी पण रडत होते. मग ह्यांचा आवाज ओळखला आन पदर तोंडावर घेतला.

वाल्मीक : मेकअप रूममधी चौदा-पंधरा माणसं. ही पण व्हती. मी हात जोडून गेलो. तुझ्या आईनं कानातलं काढलं, टेबलावर ठेवलं आन म्हणली, 'वाल्मीक, आजपासून मला शब्द द्यायचा नाही. मी तिथं मरून पडले तरी नाही.' इथवर ठीक. चूक माझीच व्हती. पण पुढं म्हणली, 'गजरे विकणाऱ्याच्या हातात संहिता दिली की असंच होणार.'

सायली : आई असं म्हणाली?

वाल्मीक : रागात म्हणली गं. हातातून काहीतरी मोठं पडलं की माणूस बोलतंच. दोन दिवसांनी दुसरीकडं प्रयोग व्हता, तवा माझ्याच हातचा गजरा माळला, म्हणली, वाल्मीक, आज निशिगंध छान आहे. ती विसरून गेली व्हती.

गोजराबाई : हे नाय विसरले.

वाल्मीक : नाय विसरलो. फुलं विकतो हे खरंच हाय, आजा विकायचा, बाप विकायचा. त्यात काय लागण्यासारखं? पण लागलं. मी तिला एक शब्द बोललो नाय. विंगेत बसायचो, दुसऱ्यांना द्यायचो. तिचं वाक्य आलं की वहीवर हात ठेवायचो, असा. दिसावं म्हणून.

सायली : आणि तिला कधी लागलाच नाही शब्द?

वाल्मीक : कधीच नाय. त्याचा पण राग यायचा, खरं सांगतो. मग तिला त्या स्पर्धेतच बघितलेल्या एका मुंबईवाल्यानं सिनेमात घेतली. थोरल्या भावजयीचं काम. मग दुसरा सिनेमा, त्यात तिला राज्याचं बक्षीस. इथं फुलबाजारात मी पेढे वाटले. लोकान्ला सांगायचो, आमच्या नाटकातली. मग त्या सिरियली. ही गोजरा, साडेसातला चुलीवर दूध उतू गेलं तरी उठायची नाय.

गोजराबाई : बाई रडायला लागली की आपल्याला पण बरं वाटायचं.

वाल्मीक : मी पण बघायचो. पण मी काय बघायचो माहितेय? दोन वाक्यं झाली की टीव्हीवर दुसऱ्याचं तोंड दाखवतात. परत बाई, परत दोन वाक्यं. मला कळायचं, इथं कुणीतरी शब्द दिला. आन एकदा डोळ्यानंच बघितलं. शहाण्णव? नाय, नव्याण्णव. गंगापूर रोडला एका बंगल्यात शूटिंग व्हतं, लग्नाचा सीन. तुझ्या आईनंच मला फुलं घेऊन बोलावलं. आठवणीनं बोलावलं बरं का, गाडी पाठवली. मी मांडवाच्या खांबाला झेंडू बांधतोय. कॅमेऱ्याखाली एक जीन्सवाला कागद धरून बसलेला. तो मोठ्यानं म्हणायचा, 'सूनबाई, या घरात हे चालणार नाही.' की बाई म्हणायची, 'सूनबाई, या घरात हे चालणार नाही.' अख्खं वाक्य, सायले. सगळ्यांदेखत. आन बाई त्याला म्हणली, थँक्यू राजा.

सायली : मामा, तिथं तसंच असतं. सकाळी पानं येतात हातात, पाठ करायला वेळच देत नाहीत.

वाल्मीक : आता कळतं. तवा मला एवढंच कळलं, की त्याला थँक्यू, आन मला काय मिळालं व्हतं ते. झेंडूचं शेवटचं तोरण मी वाकडं बांधलं आन निघून आलो. जेवलो पण नाय.

गोजराबाई : आन घरी येऊन मला म्हणले, आजपासून टीव्ही बंद. चार दिवस बंद होता. पाचव्या दिवशी ह्यांनीच लावला.

वाल्मीक : मग आलं दोन हजार तीन. मास्तर रिटायर झाले व्हते. त्यान्ला वाटलं ते ब्याण्णवचं जुनं नाटक परत करावं, सुवर्णाला घेऊन. तुझी आई एका बोलण्यात हो म्हणली. सिरियल सोडली. पंचवीस प्रयोग ठरले, नाशिक, नगर, जळगाव, पार नागपूरपर्यंत. पहिला इथं, कालिदास थेटरला, रविवारी दुपारी चारला. तू व्हतीस का गं?

सायली : होते. दुसऱ्या रांगेत. माझी बारावी होती. मामा, तो प्रयोग मला सांगू नका, मला आठवतो.

वाल्मीक : तू समोरून बघितलास. मी बाजूनं बघितलाय. ऐक. तालमीतच मला दिसलं, बाईचं पाठांतर गेलंय. गेलं म्हंजे काय, मोडलंय. दोन वाक्यं झाली की थांबायची, जणू आता कुणीतरी कट म्हणणार. मास्तर म्हणायचे, येईल, सवय मोडलीय. ती घरी जाऊन पाठ करत असणार.

सायली : रात्री दोनपर्यंत. मी ऐकायचे भिंतीपलीकडून. एकच वाक्य पुन्हा पुन्हा.

वाल्मीक : हं. प्रयोगाच्या दिवशी, तिसरी घंटा व्हायच्या आधी, ती विंगेत माझ्यापाशी आली. मी स्टुलावर बसलेलो, मांडीवर वही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणली, 'वाल्मीक, बसलायस ना?' मी म्हणलं, बसलोय.

सायली : बस, एवढंच?

वाल्मीक : एवढंच. पण सायले, डोळ्यापुढं स्टुलावर माणूस बसलेला दिसतोय, त्याला कुणी विचारतं का, बसलायस ना? ती मागत व्हती. मला शब्द दे म्हणत व्हती. तिच्या तोंडून त्याच्यापुढं निघंना. नाव झालेली बाई, पंधरा माणसांत मला बोललेली. कसं म्हणणार? मी समजलो. तिथल्या तिथं समजलो.

सायली : पण आई तर म्हणते, तुम्हाला वाटलं की ती पॉज घेतेय. ब्याण्णवसारखी.

वाल्मीक : तसं मीच मास्तरान्ला सांगितलं. नंतर. मास्तरांनी तिला सांगितलं.

गोजराबाई : सांगा आता. अर्ध्यावर थांबू नका. पाच वर्षं पाठ फिरवून झोपता, ते ह्याच्यासाठीच.

वाल्मीक : सांगतोय ना. दुसरा अंक. ती मुलीला सांगती, लग्नात विहिरीवर काय झालं ते. मोठं भाषण हाय. मुलीचं काम प्रतिभा करत व्हती, ती खाली बसलेली, बाई खाटेपाशी उभी. अर्धं बोलली छान. मग म्हणली, 'तुझा बाप तवा...' आन थांबली. मी एक मोजला, दोन मोजले. पॉज घेते ना बाई, तवा तिचं अंग सैल असतं, ती मजेत असती. ते मला वहीपेक्षा पाठ. तवा तिचं अंग लाकडासारखं झालेलं. तिनं मान वळवली आन विंगेत बघितलं. माझ्याकडं. सरळ.

सायली : आणि?

वाल्मीक : माझं बोट शब्दावर व्हतं. 'रहाटाला.' तेवढाच शब्द. 'तुझा बाप तवा रहाटाला टेकून हसत होता.' ओठापर्यंत आलेला. आन माझ्या डोक्यात काय आलं, तर त्या जीन्सवाल्याला थँक्यू राजा. आन गजरे विकणारा. मी म्हणलं, बघू दे. एकदा बघितलंय, अजून एकदा बघू दे. दुसऱ्यांदा बघितलं की देतो. माझं एवढंच ठरलं व्हतं सायले. तिला बुडवायचं नव्हतं. आईशप्पथ नव्हतं. तिनं फक्त दुसऱ्यांदा बघावं.

सायली : मग?

वाल्मीक : तिनं दुसऱ्यांदा बघितलंच नाय.

(सायली उठून गाडीपाशी जाते. गोजराबाई सुईदोरा खाली ठेवते.)

सायली : ती खाली बसली. खाटेवर. मागून कोणीतरी ओरडलं, 'रीटेक घ्या बाई.' सगळे हसले. माझ्या शेजारची बाई पण हसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं मी कोण आहे.

वाल्मीक : मी तवा दिला शब्द. हसण्यात. दोनदा दिला. ती ऐकत नव्हती. प्रतिभानं सावरलं, तिनंच बापाचं सगळं स्वतः सांगून टाकलं. बाईनं पुढचं नाटक केलं, पण शाळेत धडा वाचतात तसं. पडदा पडला की माझ्याकडं आली. मला वाटलं मारंल. बरं झालं असतं. ती म्हणली, 'वाल्मीक, तुझा काय दोष. मीच तुला गप्प केलेलं.' माझा हात हातात घेऊन म्हणली. आन मी मान हलवली.

सायली : मान हलवली.

वाल्मीक : हो.

सायली : मामा, तिनं उरलेले चोवीसच्या चोवीस प्रयोग सोडले. नंतर ज्या सिरियल मिळाल्या त्यात तिला नुसतं सोफ्यावर बसवायचे. मग तेही सोडलं. आता सकाळी कॅम्पात बाजारात जाते, कोणी ओळखलं की भाजी न घेता परत येते. पाच वर्षं ती मला सांगतेय, माणसानं जीभ सांभाळावी, मी वाल्मीकला बोलले त्याचं मला मिळालं. आणि तुम्हाला माहीत होतं.

वाल्मीक : माहीत व्हतं.

सायली : मी तुम्हाला न्यायला आले होते. तिला समजवायला.

वाल्मीक : म्हणूनच म्हणलं, आधी ऐक. समजवायला येणारा माणूस कोण हाय ते बघून घे.

गोजराबाई : बाळा, ह्यांना शिव्या द्यायच्या तर दे. मी पण देते अधूनमधून. पण ऊन व्हायच्या आत काय ते ठरव.

सायली : तुम्हाला माहीत होतं, मामी?

गोजराबाई : झोपेत बोलतात ना. 'रहाटाला, रहाटाला.' पहिल्यांदा मला वाटलं विहिरीचं काय बिघडलं.

वाल्मीक : सायले, तूच सांग ना तिला. तू लेक हाय. तुझ्या तोंडून तिला सोसंल. म्हणावं, तुझं पाठांतर मोडलं व्हतं, ते दुरुस्त झालं असतं. चार प्रयोगांत झालं असतं. पण त्या दिवशी तुला एक शब्द पायजे व्हता आन तो वाल्मीकनं धरून ठेवला. तुझ्या जिभेनं काय झालेलं नाय.

सायली : नाही. मी नाही सांगणार.

वाल्मीक : का गं?

सायली : कारण माझ्यावर विश्वासच ठेवणार नाही ती. म्हणेल, मला नाटकात पाठवायला पोरीनं रचलंय. आणि दुसरं म्हणजे, मामा, मला नाही सांगायचं. तुम्ही धरून ठेवलंत, तुम्ही द्या.

गोजराबाई : बरोबर बोलली.

वाल्मीक : तू कुणाच्या बाजूची?

गोजराबाई : मी बाईच्या बाजूची. त्या खुंटीवरचा पांढरा सदरा घाला, हा नको, ह्याला चीक लागलाय.

वाल्मीक : तिनं दार लावून घेतलं तर?

सायली : लावू देत.

वाल्मीक : आन नाटक करणार नाय म्हणली, मग?

सायली : मग नाही करणार. पण निदान खरं कारण माहीत असून नाही म्हणेल. बसा. तुमची पिशवी पुढे द्या माझ्याकडे.

वाल्मीक : पिशवी कशाला, काय नेऊ? फुलं न्यायची नाय आज. गोजरा, ते गजरे काढून घे त्यातले. घे म्हणतो ना.

गोजराबाई : घेतले बाबा. जा.

वाल्मीक : सायले, येतो मी. पण माझं एक ऐक. मी येतोय म्हणून घरी फोन करू नको. फोन केलास की ती माझ्यासाठी जेवायला थांबंल, आन दारात आल्या आल्या म्हणंल, ये वाल्मीक, किती वाळलास. तसं म्हणली ना, की मग मी बोलायचा नाय. फोन करू नको पोरी, एवढं कर माझ्यासाठी.